चपड्याचा हात

या, जरा पुढे सरकून बसा. पंख्याखाली जागा आहे, आणि मला आता मोठ्याने बोलवत नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगते. आख्यानासारखी रंगवून सांगायला मी काही बुवा नाही. जन्मभर समोर सतरंजीवर बसून ऐकणारी बाई. पण ऐकून ऐकून एवढं कळलंय की गोष्ट सांगायची तर मधलं काही गाळू नये, आणि आपल्याला जिथे लाज वाटते ते तर मुळीच नाही. दोन बायका, दोन खुर्च्या, एक टीपॉय आणि एक बैठं कपाट, एवढाच पसारा आहे. ऐका.

बावीस वर्षं झाली. रिसोडला राममंदिराच्या गल्लीत आमची आणि द्वारकाताई उमरीकरांची परसातली भिंत एक होती. रंगपंचमीची सकाळ. मी खाटेवर वड्या वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन पडलं. पाठोपाठ ताईंचा आवाज आला, अगदी शांत.

"कुमुद, मोकळी असशील तर ये गं. नसशील तर राहू दे, मी बसलेय."

हातातलं पीठ तसंच ठेवून धावले. ताई बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. नडगीतून रक्त येत होतं. आणि एखाद्या व्रात्य पोराचा कान धरावा तसा त्यांनी टीपॉयचा पाय धरून ठेवला होता.

"ह्याने आज परत पाय आडवा घातला," म्हणाल्या. "सहासष्ट वर्षांच्या बाईशी असं वागतात का?"

मी हळद दाबली. त्या हसत होत्या, पण टीपॉयचा पाय सोडत नव्हत्या.

ताईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं दिसणं परत येणार नाही, आहे ते थेंबांवर जितकं टिकेल तितकं टिकेल. हे मला माहीत होतं आणि देवाला. गल्लीत कोणाला नाही. मुलगा दिगंबर, आम्ही त्याला दिगू म्हणायचो, जमशेदपूरला कारखान्यात मोठा इंजिनियर. त्याला वाटायचं आईला चष्मा बदलायला झालाय. माघात ताई पडल्या तेव्हा मात्र त्याने फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, आणखी एकदा पडलीस तर मी विचारायला येणार नाही, न्यायला येईन." मुलगा वाईट नव्हता हो. बापामागे एकट्या राहणाऱ्या आईची काळजी करणारा मुलगा जसा बोलेल तसा तो बोलला.

आणि तो पाडव्याला येणार होता. अकरा दिवस राहिले होते.

"दोन दिवसांसाठी येऊन राहिला," ताई म्हणाल्या. "दोन दिवस मी कशाला धडकले नाही की झालं. पण हे सामान मला दिसत नाही गं. सगळं काळं. खोलीपण काळी. ह्यांनी हौसेनं करून घेतलं सगळं, सागवान घेतलं, आणि त्या सुताराने त्याला असं लाल-काळं पॉलिश केलं की उन्हातसुद्धा अंधारात ठेवल्यासारखं वाटतं."

मी त्यांना उठवायला लागले तर त्या थांबल्या. डावीकडे मान वळवून एकटक बघू लागल्या.

"कुमुद, त्या खुर्चीवर काय आहे?"

"माझा पंचा. आत्ता येताना खांद्यावर होता, टाकला तिथे."

"पांढरा?"

"हो."

"मग मला खुर्ची दिसून राहिली," त्या म्हणाल्या.

अशी सुरुवात झाली. सगळं पांढरं करून टाकायचं, असं आम्ही तिथेच ठरवलं. पेंटर लावायचा नाही, कारण पेंटर आला की गल्लीत चौकशा. आणि दिगूचा शाळेतला मित्र कोपऱ्यावरच राहायचा. आपणच घासायचं, आपणच रंगवायचं. दिगू विचारेल तर सांगायचं, जुनं झालं होतं, कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटी बशीरभाईंच्या दुकानी गेले. बशीरभाई म्हणजे गावातला सगळ्यात चांगला हात. दुकानांच्या पाट्या तेच लिहायचे, आणि दर वर्षी रामनवमीच्या आधी आमच्या देवळाचे खांबही तेच रंगवायचे. मी काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"पांढरं? काकू, असं सागवान अन् असं पॉलिश आता पाह्याले भेटत नाही."

"द्वारकाताईंच्या मनात आलंय."

"मंग झालं. त्याइच्या पुढं कोन बोलनार." त्यांनी सामान काढायला घेतलं. पॉलिशपेपरचे ताव, प्रायमरचा डबा, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, दोन ब्रश. आणि शेवटी एक काचेची बाटली, आत मधासारखं काहीतरी. "आता आयका माह्यं. पयले घासा. मंग ह्या चपड्याचा एक हात मारा, वाळू द्या, मंग दुसरा हात. त्याच्यावर प्रायमर, अन् मंग पांढरा. हा चपडा काही केल्या सोडू नका. ते जुनं लाल पॉलिश लाकडात मुरलेलं राह्यते. तुमी वरतून कितीबी पांढरं द्या, ते खालून फुटून वर येते. चपडा मधात असला तर थांबते."

मी बूच काढून वास घेतला आणि बाटली लांब धरली.

"हे काय आहे?"

"लाख हाय. लाखेचे पापुद्रे. स्पिरिटात इरघळवलेले."

"स्पिरिट म्हणजे दारूच ना बशीरभाई?"

ते हसले. "काकू, दारू मले बी हराम हाय. पन मी दिवसभर ह्याच्यात हात घालतो अन् पाच टाइमची नमाज बी पढतो. हे प्याचं नाही, लाकडाले लावाचं हाय. अन् तुमच्या त्या खुर्च्या तीस वर्सांपासून स्पिरिटच्याच पॉलिशवर उभ्या हायेत, विचारा कोनाले बी."

बरोबर सांगत होते बिचारे. पण मी त्या वेळी कशी होते ते तुम्हाला माहीत नाही. सोवळ्याची मोठी कडक. ताईंच्या बैठकीच्या खोलीतच कोनाड्यात देव. पाडव्याला रामाचं नवरात्र बसणार, तिथे कलश मांडायचा, तिथेच नैवेद्य दाखवायचा. आणि त्या खोलीत हा वास दरवळणार. महिन्याभरापूर्वीच एका बुवांनी पूर्वरंगात शुचितेवर तासभर निरूपण केलं होतं. काय ते बोलले होते. मी घरी येऊन स्वयंपाकघर दोनदा धुतलं होतं. ते सगळं डोक्यात ताजं.

बाटली मी परत त्यांच्या फळीवर ठेवली.

"तुमची मर्जी," बशीरभाई म्हणाले. "मंग मले म्हनू नका."

घरी आल्यावर ताईंना यातलं काही सांगितलं नाही. विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय त्यात, असं वाटलं. त्या तर माझ्याहून देवभोळ्या.

त्याच दुपारपासून चार दिवस आम्ही मागच्या ओसरीत बसून घासत होतो. माझ्या आयुष्यात एवढे चांगले चार दिवस थोडे आले असतील. आमचे हे त्या वेळी एस. टी.त कंडक्टर होते, पुण्याच्या गाडीवर गेले की दोन दिवस घरी नसत. मी सकाळी वरणभात उरकून भिंतीच्या फटीतून पलीकडे जाई. दोघींच्या मांडीत एकेक खुर्ची आडवी. पॉलिशपेपर ओढला की तांबडी भुकटी उडायची, ती केसांत, पापण्यांवर, पदरावर.

"पंचमी सरली गं, पण आपली रंग खेळायची हौस नाही सरली," ताई म्हणायच्या.

घासायला त्या माझ्याहून हुशार निघाल्या. मी खुर्चीचा एक हात झाला असं म्हणाले की त्या बोटं फिरवून सांगायच्या, "इथे राहिलंय. हे बघ, कोपऱ्यात. तू डोळ्यांनी घासतेस, म्हणून राहतं." खरंच राहिलेलं असे.

आणि घासता घासता आख्यानं. ताईंचं असं होतं, एकदा आख्यान ऐकलं की बुवांनी कुठल्या शब्दावर पेटीवाल्याकडे बघितलं तेसुद्धा ध्यानात राही. मारुती लंकेत शिरला तेव्हा त्याने पहिलं पाऊल कसं टाकलं, ते त्या इतकं हळू सांगायच्या की माझा हात थांबायचा.

"हात चालव. मारुती पोचला, तुझा पाय अजून घासायचा राहिलाय," म्हणायच्या.

एकदा त्यांनीच घासणं थांबवलं.

"जमशेदपूरला देऊळ नाही असं नाही. दिगू मला गाडीतून नेईल, सून हात धरेल, सगळं करतील. पण तिथे मला माझ्या बोलीतलं कीर्तन कोण ऐकवणार? इथे कसं, पायरी उतरले की उजवीकडे आठ पावलं, मग गटारावरची फरशी, मग अठ्ठेचाळीस पावलं की देऊळ. कोणाला हात मागावा लागत नाही." त्यांनी तांबडे हात पुढे धरून बघितले, दिसत नव्हते तरी बघितले. "मला रोज संध्याकाळचे ते दोन तास पाहिजेत, कुमुद. बाकीचे बावीस कसेही जाऊ देत."

मी म्हटलं, "जातील कशाला, इथेच राहायचंय तुम्हाला."

पाचव्या दिवशी प्रायमर दिला. सहाव्या आणि सातव्या दिवशी पांढऱ्याचे दोन हात. ब्रश मी धरला. ताई डबा ढवळायच्या आणि वासावरून सांगायच्या की टर्पेन्टाइन जास्त झालंय. आठव्या दिवशी सामान आम्ही दोघींनी उचलून बैठकीत लावलं. मी दार उघडं टाकलं. ताई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, आणि मग चालल्या. दोन खुर्च्यांच्या मधून, टीपॉयला वळसा घेऊन, बैठ्या कपाटाच्या कडेने देवापर्यंत, आणि तशाच परत. पदरसुद्धा कुठे घासला नाही.

"कसं दिसतं गं?"

"दुधासारखं," मी म्हटलं. तोपर्यंत ते खरं होतं.

नवव्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेले, तर टीपॉयच्या मधोमध गुलाबी छटा. मला वाटलं उन्हाची तिरीप असेल. हात फिरवला, तिरीप हलेना. दुपारपर्यंत तो डाग विटकरी झाला. खुर्च्यांच्या पाठींवर तर कोणी पान खाऊन पिचकारी मारावी तसे ओघळ उमटले. ताई दुपारच्या आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात मी उरलेल्या रंगाचा आणखी एक हात दिला. त्यांना झोपेतही वास आला.

"परत कशाला गं?"

"चकाकी यावी म्हणून."

दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, त्या चकाकीतून डाग पुन्हा वर आले होते. मी चपला न घालता बशीरभाईंकडे गेले. ते देवळातल्या खांबावर चढलेले होते, वरूनच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

"पुन्हा घासा लागन, काकू. चपडा, प्रायमर, रंग. चार दिवस तरी पायजेत. दिगूभाऊ कधी येऊन राहिले?"

"उद्या."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. तेव्हाही टाकून बोलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवते.

परत आले तर ताई दारातच.

"एवढी धावत कुठे गेली होतीस? ऐक ना, पांढऱ्यावर चटकन दिसतं म्हणतात. डागबिग नाहीत ना पडले?"

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं, ते मला माहीत नाही. त्या न्हाऊन आल्या होत्या, ओले केस पाठीवर, आणि चेहरा असा की उद्या नवी नवरी घरात यायची आहे. मला वाटलं, डाग असले म्हणून काय, कडा तर दिसताहेत त्यांना. चालता येतंय, काम झालं. दिगू म्हणेल बायकांनी रंग बिघडवला, आणि हसेल.

"नाही हो," मी म्हटलं. "पांढरंशुभ्र आहे."

टीपॉयवर मी माझ्या माहेरचा विणलेला रुमाल पसरून ठेवला. खुर्च्यांच्या पाठींना उशांचे अभ्रे चढवले.

पाडव्याला दिगू सकाळीच आला. ताईंनी गुढी माझ्याकडून उभारून घेतली होती, पण काठीवर हात ठेवून, तो आल्यावर त्यांनीच उभारली असं वाटावं अशा उभ्या होत्या. त्याच्या पायांचा आवाज आला तशा आत वळल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांची पावलं मोजत होते. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, आत येऊन कडुलिंब-गुळाची वाटी घेतली, टीपॉयला वळसा घालून त्याच्या हातात दिली. मग चहा. बशीत थेंब सांडला नाही.

"आई, तू तर ठणठणीत दिसतेस," दिगू म्हणाला. "मी मनाची तयारी करून आलो होतो. परतीची दोन तिकिटं काढलीत, खोटं कशाला सांगू."

"एक परत कर. पैसे कापून देतात म्हणे, पण देतात."

तो हसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, तुम्ही शेजारी आहात म्हणून बरं आहे. राहू दे मग आईला इथेच, रामनवमी होऊ दे. दसऱ्यापर्यंत बघू."

झालं होतं हो. जिंकलोच होतो. ताईंनी तिथेच थांबायला हवं होतं. पण आनंद झाला की माणसाला थोडं जास्तच दाखवावंसं वाटतं. त्या पुढे झाल्या आणि टीपॉयवरचा रुमाल त्यांनी एका झटक्यात काढला. मग खुर्चीचे अभ्रे.

"हिने उगाच झाकून ठेवलंय. बघ तरी, आम्ही दोघींनी केलंय हे. चार दिवस घासलं. सांग बघू, एक तरी डाग शोधून दाखव."

दिगूच्या हाताखालीच तो डाग होता, परातीएवढा, विटकरी. त्याने चहाचा कप त्यावर ठेवता ठेवता उचलून धरला. मग आईकडे पाहिलं. ताई त्याच्या खांद्याच्या थोड्या डावीकडे बघत हसत होत्या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली.

"नाही आई," तो म्हणाला. "एकही नाही."

चहा संपवून तो परसात हात धुवायला आला. मी मागोमाग गेले. नळ सोडून तो तसाच उभा होता.

"कधीपासून, काकू?"

"दीड वर्ष झालं. काचबिंदू आहे."

"आणि ते पांढरं आहे असं तिला तुम्ही सांगितलंत?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून रे."

त्याने नळ बंद केला. रागाने बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तिला दिसत नाही म्हणून मी एवढा घाबरलो नसतो. बाई ठेवली असती, तुम्ही होतात. पण उद्या ती विचारेल, औषधाची बाटली हीच ना; विचारेल, दूध उतू नाही ना गेलं, दाराशी कोण आलंय. आणि तुम्ही तिचं तोंड बघून तिला आवडेल ते सांगाल. मीसुद्धा आत्ता तेच केलं. पण मी तिच्याजवळ नसतो, काकू. तुम्ही असता."

मी भिंतीच्या फटीतून माझ्या घरी आले.

त्याने ताईंना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. भिंतीपलीकडे बराच वेळ दोघांचे आवाज येत होते, आधी ताईंचा जास्त, मग त्याचा जास्त, मग कोणाचाच नाही. त्याला सुट्टी नव्हती. तृतीयेला रात्री अकोल्याहून गाडी होती. रामनवमीपर्यंत तरी थांबू दे, असं त्या म्हणाल्या असणार. पण तिकिटं होतीच काढलेली.

तृतीयेला कीर्तन पाच वाजता सुरू झालं. जीप सहाला देवळापाशी येणार होती. ताई नेहमीच्या जागी खांबाला टेकून बसल्या, मी शेजारी. खांबाला बशीरभाईंचा नवा रंग होता. बुवांनी पूर्वरंग आटोपला, नामघोष झाला, बुवांना हार घातला, आणि सभेला बुक्का लावायला मंडळी उठली. त्या गडबडीत ताई माझ्या कानाशी आल्या.

"डाग होते ना गं?"

मी सतरंजीची दशी ओढत राहिले.

"दिगू 'नाही' म्हणायच्या आधी थांबला. तो लहानपणापासून खोटं बोलायच्या आधी असाच थांबतो. सांग, कसले होते?"

"लाल," मी म्हटलं. "खालचं पॉलिश फुटून आलं होतं. सगळीकडे." आणि मग मी सगळंच सांगितलं. बशीरभाई, बाटली, स्पिरिटचा वास, ती फळीवर परत ठेवली ते, त्यांना विचारलं नाही ते. सांगताना माझ्याने त्यांच्याकडे बघवत नव्हतं, त्यांना दिसत नव्हतं तरी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसल्याच.

"अगं वेडे, दोन दिवस देव तुझ्याकडे नेऊन बसवले असते. आमच्या ह्यांना रोज संध्याकाळी कंबरेला स्पिरिट चोळायचे मी, ह्याच हातांनी, आणि मग त्याच हातांनी दिवा लावायचे. रामाने कधी नाक मुरडलं नाही."

मला रडू आलं. त्यांनी माझा हात शोधला आणि धरला.

"खरं सांगितलंस, बरं झालं. आधी सांगितलं असतंस तर अजून बरं झालं असतं. आता असू दे. आज पुढे काय आहे?"

"सुदाम्याचं आख्यान."

"चांगलं आहे. ऐकशील नीट, मग मला सांगशील."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बुवा उत्तररंगासाठी उभे राहत होते, पेटीवाल्याने सूर धरला होता. ताईंच्या कपाळाला बुक्का लावून मी त्यांना उठवलं. सभेतून वाट काढताना त्यांचा पाय कोणाला लागला, त्यांनी वाकून नमस्कार केला. दाराशी दिगू होता. त्याने त्यांना माझ्या हातातून त्याच्या हातात घेतलं, फार सांभाळून. पायऱ्या उतरताना ताई एकदा थांबल्या, आतून पहिली ओळ आली ती पुरती ऐकली, आणि मग जीपमध्ये बसल्या.

त्यानंतर त्या चौदा महिने होत्या. दर गुरुवारी फोन यायचा. कोण बुवा आले, काय लावलं, मी सांगायची. आणि जसं झालं तसंच सांगायची. बुवांचा घसा बसला होता तर बसला होता म्हणून, आख्यान मध्येच आवरतं घेतलं तर तसं.

पुढच्या रामनवमीला त्यांनी विचारलं, "किती माणसं होती?"

"एकोणीस."

"एवढीच?"

"टीव्हीवर सामना होता, ताई. मी दोनदा मोजली."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तू नीट ऐकलंस ना?"

ज्येष्ठात दिगूचा फोन आला. त्या झोपेतच गेल्या होत्या. तो रडत होता, आणि मध्येच म्हणाला, "काकू, ती इथे कशाला कधी धडकली नाही हो. एकदाही नाही." मी त्याला म्हटलं, तू नीट सांभाळलंस, बाळा. ते मी बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते तसंच होतं.

एवढीच गोष्ट. तुम्हाला माझं एकच मागणं आहे. तुम्ही कुठल्याही गावी कीर्तनाला बसाल, पूर्वरंग संपेल, बुक्का लावत कोणी तुमच्यापुढून जाईल, आणि पुढचं ऐकायला तुम्ही नीट सावरून बसाल, तेव्हा द्वारका विश्वनाथ उमरीकर हे नाव एकदा मनात घ्या. आणि मग त्यांच्याही वाटचं ऐका.